काकू, तळं आणि पंचवीस सेकंद

ओंकारच्या आईइतकी हट्टी बाई अख्ख्या पुण्यात नाही, आणि हे विधान मी पुण्यात राहून करतेय, म्हणजे किती विचार करून करत असेन ते बघा. ओंकार म्हणजे माझा एक्स. एक्स बॉयफ्रेंड. त्याची आई. सभ्य माणसं असल्या नात्याबद्दल लिहीत नाहीत हे मला माहितीये, पण मला आता कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, कारण गेली चार वर्षं ही बाई मला अमावास्या आली की मध्यरात्री गाडी काढायला लावते, कुठल्या तरी डोंगरातल्या तळ्याकाठी नेऊन उभी करते, पहाटेपर्यंत कुडकुडत ठेवते, आणि एवढं करून आकाशाचे फोटो किती काढते? एक. एका रात्रीत एक. मी चिडून लिहितेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

काकू (मी त्यांना पहिल्यापासून काकूच म्हणते, ब्रेकअपनंतर वेगळं काय म्हणायचं याचा नियम कोणी केलेला नाही) रिटायर झाल्या त्या सदाशिव पेठेतल्या एका क्लिनिकमधून. तिथे त्या तीसेक वर्षं एक्स-रे काढायच्या. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. लोक बँकेतून रिटायर होतात, शाळेतून होतात, काकू एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीतून रिटायर झाल्याच नाहीत. त्यांनी फक्त खोली मोठी करून घेतली आणि पेशंट म्हणून माणसांऐवजी तळी घेतली. ओंकारने मला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा मी कुर्ता वगैरे घालून, कपाळावर बारीक टिकली लावून, वाकून नमस्काराची तयारी करून गेले होते. काकूंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "डावा खांदा वर असतो तुझा. लॅपटॉपची बॅग दुसरीकडे घेत जा." आणि पोहे परतायला आत निघून गेल्या. मला वाटलं होतं सून म्हणून तपासतील, यांनी मणका म्हणून तपासलं. घरातल्या कार्यात कोणी चुकून यांच्या हातात मोबाईल देऊन "जरा आमचा ग्रुप फोटो काढा" म्हटलं की संपलं. "सगळ्यांनी श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." आणि क्लिक. एकदाच. त्या घराण्यातल्या गेल्या कित्येक वर्षांच्या प्रत्येक बारशात, मुंजीत आणि डोहाळजेवणात सगळी माणसं छाती फुगवून, डोळे वटारून उभी आहेत. जणू सगळ्यांना एकदमच टीबीचा संशय आहे.

तर एकच फोटो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं कॅमेऱ्यात काही बिघाड आहे. म्हणजे आपण पुण्याहून अडीच तास गाडी चालवत येतो, थंडीत चार तास बसतो, पाणी स्थिर व्हायची वाट बघतो, वारा पडतो, आकाश स्वच्छ होतं, काकू बटण दाबतात, पंचवीस सेकंद शटर उघडं राहतं, त्या पंचवीस सेकंदांत मी खरोखर श्वास रोखून उभी राहते (त्या स्वतः मात्र मजेत श्वास घेत असतात), शटर बंद होतं आणि बाई ट्रायपॉड मिटायला घेतात. मी म्हटलं, "काकू, डिजिटल आहे हा. शंभर काढा, चांगला असेल तो ठेवा, बाकीचे उडवा." त्या म्हणाल्या, "पेशंटला उगाच परत परत रेडिएशन द्यायचं नसतं. एकदाच, पण नीट." मी म्हटलं, "तळ्याला कसलं रेडिएशन?" तर म्हणाल्या, "सवय माझी खराब होते ना." मी तर जेवणाच्या ताटाचे सात फोटो काढते. मी माझ्या पायातल्या नव्या चपलेचे अकरा काढलेत.

आणि अंधाराचं खूळ तर विचारूच नका. ज्या रात्री तळ्यावर जायचं त्या दिवशी संध्याकाळपासून काकू उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधतात, कारण तो डोळा म्हणे अंधाराला मुरवत ठेवायचा असतो, दिवा बघितला की सगळी मेहनत वाया. आता घरात बांधा ना पट्टी, कोण काय म्हणतंय? पण एकदा त्याच संध्याकाळी कोथरूडला त्यांच्या भाचीकडे हळदीकुंकू होतं, तिथे ही बाई पैठणी, नथ आणि डोळ्यावर पट्टी अशी गेली. एका बाईंनी फार काळजीने विचारलं, "मोतीबिंदू का हो?" काकू म्हणाल्या, "नाही, हा रात्रीसाठी ठेवलाय." त्या बाई वाण न घेताच उठून गेल्या असं भाची अजून सांगते. पट्टी बांधलेल्या माणसाने गाडी चालवायची नसते म्हणून गाडी मी चालवायची. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर, काट्यांवर, घड्याळावर, सगळीकडे त्यांनी लाल जिलेटिनचा कागद चिकटवलाय, कारण लाल उजेड डोळ्याला चालतो. सर्व्हिसिंगला गाडी नेली की मेकॅनिक दर वेळी तोच प्रश्न विचारतो आणि मी दर वेळी नवीन खोटं सांगते. दिवाळीतली अमावास्या ही काकूंच्या मते वर्षातली एक फुकट घालवलेली अमावास्या आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अख्खं पुणं उजळलेलं असतं आणि या गॅलरीत हाताची घडी घालून, कोणी आपलं कपाट उघडं टाकून गेल्यासारख्या चेहऱ्याने उभ्या असतात.

आमचं नेहमीचं तळं म्हणजे भोरच्या पुढे, वरंधा घाटाच्या अलीकडे, डोंगरांच्या मधे अडवलेलं धरणाचं पाणी. तिथल्या वस्तीवर सुरुवातीला भलताच समज झाला होता. तुम्हीच विचार करा, अमावास्येची रात्र, काळा स्वेटर घातलेली, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली बाई तीन पायांचं काहीतरी घेऊन पाण्याकाठी पुटपुटतेय, आणि तिच्या मागे एक पोरगी गाल फुगवून स्तब्ध उभी. माझ्या दुसऱ्याच खेपेला गावचे पोलीस पाटील काठी घेऊन आले. "काय चाललंय हितं?" काकूंनी त्यांना दोन मिनिटं बोलू दिलं आणि म्हणाल्या, "हा खोकला किती दिवसांचा आहे?" ते म्हणाले, "हाय की, महिनाभर झाला." "छातीचा फोटो काढला का?" "न्हाई." "भोरला जाऊन उद्या काढा, मग मला काय विचारायचं ते विचारा." ते खरोखर गेले, काहीतरी निघालं, औषधं झाली, बरे झाले. तेव्हापासून आम्ही गेलो की पाटील स्वतः वस्तीवर फिरून अंगणातले दिवे बंद करायला लावतात. मी एकदा गाडीपाशीच त्यांच्याबरोबर सेल्फी घ्यायला गेले तर मलाच म्हणाले, "ताई, मोबाईल बंद करा, बाईंना चालत न्हाई." म्हणजे बाहेरची मीच.

बरं, एवढं करून काढलेले फोटो तरी लोकांना दाखवायचे? काकूंच्या हॉलमध्ये भिंतीवर क्लिनिकमधून मोडीत निघालेला एक्स-रे बघायचा पेटीदिवा आहे, दुधी काचेचा. त्यावर त्या स्वतःची तळी पारदर्शक फिल्मवर छापून लावतात, हाताची घडी घालून बघतात आणि खाली चिठ्ठी लिहितात. "आकाश निरभ्र. पाण्यात डावीकडे किंचित हालचाल. बाकी विशेष काही नाही." ज्यात पाण्यात अख्खा वृश्चिक उतरलाय, नांगीसकट, त्या फोटोखाली ही बाई लिहिते विशेष काही नाही. मी हजार वेळा म्हटलं, काकू, मला द्या, मी टाकते, लोक वेडे होतील. त्या म्हणाल्या, "रिपोर्ट पेशंटला देतात, शेजाऱ्यांना नाही." मी म्हटलं, मग या तळ्याला द्या नेऊन. तर म्हणाल्या, "नेते की. दर वेळी मागचा पिशवीत असतो." मला वाटलं गंमत करतायत. पिशवी उघडून बघितली तर होता.

दोन वर्षांपूर्वी माझं आणि ओंकारचं ब्रेकअप झालं. कारण सांगण्यासारखं नाही, म्हणजे लपवण्यासारखं नाही, नुसतंच कंटाळवाणं आहे. कोणी फसवलं नाही, कोणी ओरडलं नाही, कर्वे रोडवरच्या एका कॅफेत आम्ही दोघं गार कॉफीकडे बघत बसलो आणि मग उठलो. मी तीन दिवस नीट रडले. चौथ्या दिवशी काकूंचा फोन. "शुक्रवारी अमावास्या आहे. थर्मास तू आण, आमच्याचं झाकण गळतंय." मी म्हटलं, "काकू, आमचं ब्रेकअप झालंय." त्या म्हणाल्या, "हो, सांगितलं त्याने. चहात साखर कमी घाल." फोन ठेवला. मी इतकी चिडले, म्हणजे ही काय पद्धत झाली, माझं दुःख आहे, माझा काही मान आहे की नाही, असं मी माझ्या रूममेटला तासभर सांगत होते. रूममेट म्हणाली मग नको जाऊस. शुक्रवारी मी साखर कमी घातली.

आता मुख्य गोष्ट. काकूंना एक फोटो हवाय, एकच, आणि त्यासाठी त्या सहा वर्षं त्या तळ्यावर जातायत, त्यातली शेवटची चार मला घेऊन. वर आकाशगंगा, खाली पाण्यात तीच उलटी, मधे डोंगराची काळी रेघ, आणि पाण्यावर एकही सुरकुती नाही. आता यात अडचण अशी की थंडीत आकाशगंगेचा तो जाड, धुरकट, भरलेला भाग रात्रीचा दिसतच नाही. उन्हाळ्यात छान दिसतो, पण तोवर पाणी खाली जाऊन काठाला नुसता चिखल उरतो. दोन्ही जुळतं ते फाल्गुनातल्या अमावास्येला, पहाटे चारनंतर, उजाडायच्या आधी तासभर. म्हणजे गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री. वर्षातून एक रात्र, त्यातला एक तास, त्यातले पंचवीस सेकंद, आणि बाईचा नियम एकच फोटो. एका वर्षी ढग होते. एका वर्षी समोरच्या डोंगरावर वणवा लागला आणि अर्धं आकाश नारिंगी झालं. एका वर्षी विसाव्या सेकंदाला म्हैस पाण्यात उतरली. एका वर्षी कुठलीतरी पोरं तंबू ठोकून, स्पीकर लावून, हिरव्या लेझरने एकमेकांना तारे दाखवत होती, आणि मी त्यांच्याशी भांडायला गेले तर त्यातला एक मला म्हणतो, दीदी, चिल. मी चिल नाही झाले. एका वर्षी वारा, एका वर्षी धुकं. दर वेळी काकूंनी परत येताना एवढंच म्हटलं, "पुढच्या फाल्गुनात बघू."

यंदा त्या अमावास्येच्या आठवडाभर आधी ओंकार मला भेटायला खराडीला माझ्या ऑफिसखाली आला. चहाच्या टपरीवर उभं राहून त्याने सांगितलं की पाडव्याला त्याचा साखरपुडा आहे. मी अभिनंदन केलं, अगदी मनापासून, मुलगी चांगली आहे, मी प्रोफाईल बघितलंय, सगळं बघितलंय. मग तो कपाकडे बघत म्हणाला, "एक रिक्वेस्ट होती. आईबरोबर आता तू जात जाऊ नकोस. म्हणजे प्रॉब्लेम काही नाही, पण मुलीच्या घरच्यांना विचित्र वाटेल. बरं नाही दिसत. आईला मी सांगू शकत नाही, तुला माहितीये ती कशी आहे. तू समजूतदार आहेस." समजूतदार. मराठी भाषेत याच्याइतका अपमानकारक शब्द दुसरा नाही. ज्याला कोणाकडून काहीतरी फुकटात सोडवून घ्यायचं असतं तो त्याला समजूतदार म्हणतो. मला त्याला हे सगळं सांगायचं होतं, मुद्द्यांसकट सांगायचं होतं, आणि मी काय म्हणाले? "हो, ठीक आहे." चहाचे पैसे पण त्याने दिले. संध्याकाळी घरी येईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात चौदा उत्तरं दिली, एकाहून एक भारी.

मी ठरवलं, काकूंना फोन करून सांगायचं की मला जमणार नाही. पण त्यांचाच आला. "शनिवारी रात्री बाराला निघू." मी म्हटलं, "काकू, रविवारी साखरपुडा आहे घरात." त्या म्हणाल्या, "साखरपुडा साडेदहाला आहे. आकाशगंगा साडेचारला. मधे खूप वेळ आहे." मी म्हटलं, "ओंकारला माहितीये?" "त्याला झोपायला सांगितलंय लवकर." यावर मी नाही म्हणू शकले असते, म्हटलं नाही. मी स्वतःला समजावलं की शेवटचं एकदा जाऊ, फोटो मिळाला तर मिळाला, मग परत कधी नाही, आणि काकूंना काही कळू द्यायचं नाही. आणि शेवटचं आहे म्हणून मी एक गोष्ट केली जी चार वर्षांत कधी केली नव्हती. मोबाईल गाडीत न ठेवता खिशात ठेवला. मला त्या जागेचा फक्त आवाज रेकॉर्ड करायचा होता. बेडूक, लांबचं एखादं कुत्रं, आणि काकूंचं ते "श्वास घ्या, रोखून धरा". बास एवढंच.

अशी पहाट मी आयुष्यात बघितली नाही. पाटलांनी वस्तीतले दिवे घालवले होते. वारा असा पडला होता की पाणी आहे हेच कळत नव्हतं, तळ्याच्या जागी आणखी एक आकाश होतं आणि काठावरचा माझा बूट थेट त्याच्या कडेला होता. आकाशगंगा डोंगरावरून वर आली, पाण्यातून खाली गेली. काकूंना उताराच्या दगडांवरून पाण्यापर्यंत यायला यंदा माझा हात धरावा लागला होता. त्यांनी ट्रायपॉड लावला, पट्टी काढली, एकदा वर बघितलं, एकदा खाली. "श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "रोखून धरा. हलू नका." शटर उघडलं. मी मोजत होते. बारा, तेरा, चौदा, आणि माझ्या खिशात फोन थरथरला, मी तो बंद करायला बाहेर काढला, ही माझी चूक, खिशातच दाबायला हवा होता, पण मी बाहेर काढला आणि स्क्रीनवर ओंकारचा फोटो, तीन वर्षांपूर्वीचा, गोव्याचा, पूर्ण ब्राइटनेसमध्ये हसतोय. तो पाणी प्यायला उठला होता आणि आई घरात नाही बघून घाबरला होता. काकूंचा फोन घरीच असतो म्हणून त्याने मला लावला. तो पांढरा उजेड काठावरच्या दगडांवर पडला, पाण्यावर पडला, माझ्या तोंडावर पडला. मी फोन उलटा करून मातीत दाबला तोवर पंचवीस झाले होते.

काकूंनी कॅमेऱ्याच्या मागे फोटो बघितला. मी म्हटलं, "दुसरा काढा."

"नाही."

"काकू, अजून अंधार आहे. पाणी तसंच आहे. वीस मिनिटं आहेत आपल्याकडे. प्लीज."

"प्लेट खराब झाली की पेशंटला परत बोलवायचं. लगेच पुन्हा झोपवायचं नाही."

"इथे कोण पेशंट आहे? हे पाणी आहे, काकू."

"हळू बोल. हलतं ते."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, सहा वर्षं, सहा वर्षं तुम्ही याच्यासाठी थांबलात आणि समोर आहे तर घेत नाही, हा कसला हट्ट, हा कुठला नियम, कोणी केला, क्लिनिक बंद होऊन तिथे आता मोबाईलचं दुकान झालंय. आणि पुढच्या फाल्गुनात मी नसणारे. ओंकारने मला सांगितलंय, जाऊ नकोस म्हणून. म्हणून आत्ताच काढा.

मग पेशंटची माहिती लिहून घ्यावी तशा सुरात त्यांनी विचारलं, "कधी सांगितलं?"

"मागच्या आठवड्यात. माझ्या ऑफिसखाली."

"काय शब्द वापरले?"

"बरं नाही दिसत, म्हणाला."

"बरं दिसत नाही म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, तू कुठे उभा राहून बघतोयस." त्यांनी लेन्सचं झाकण लावलं. "तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"का?"

"कारण तो बरोबर आहे. मी कोण आहे तुमची? काहीच नाहीये." आणि मी रडायला लागले, चांगली आवाज करून, त्या स्थिर पाण्यासमोर. एखादीने जवळ घेतलं असतं. काकूंनी ट्रायपॉडचे तिन्ही पाय एकेक करून मिटले, पट्टा बांधला, दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा उरलाय का बघ." आम्ही चहा प्यायलो. समोर ती आकाशगंगा तशीच, दोन्हीकडे, कोणी घेत नव्हतं तिला. चहा संपल्यावर त्या म्हणाल्या, "पुढची फाल्गुन अमावास्या कुठल्या वारी येते ते घरी गेल्यावर बघते. तू रजा आधीच टाकून ठेव. आयत्या वेळी तुमचे साहेब देत नाहीत."

मी इतकी संतापले होते की भोरपर्यंत गिअर आपटत गाडी चालवली. मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलले आणि या बाईला माझ्या रजेचं पडलंय. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडलो, पुणं जागं होत होतं, काकू शेजारी मान टाकून झोपल्या होत्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की त्या पहाटे तो फोटो त्यांना नक्की मिळाला असता. परत बटण दाबायचं होतं फक्त. मिळाला असता तर मग पुढच्या फाल्गुनात जायचं कारणच उरलं नसतं. आता हे त्यांनी नियमासाठी केलं की माझ्यासाठी, मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्या नियमच म्हणाल्या असत्या.

सोसायटीत पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. वर गॅलरीत ओंकार नव्या सदऱ्यात गुढी बांधत होता आणि काठी एका बाजूला कलत होती. काकू गाडीतून उतरल्या आणि खालूनच म्हणाल्या, "सरळ धर. हलू नकोस. मग बांध." मग त्याला ट्रायपॉड न्यायला खाली बोलावलं. तो आला, मला बघितलं, त्याचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, "हिला काय सांगितलंस ते कळलं मला. पुढच्या फाल्गुनात आम्हाला परत जायचंय, फोटो बिघडलाय. तुझ्या सासरच्यांना आजच सांगून ठेव, मागाहून गैरसमज नको."

"आई, आज? साखरपुड्यात?"

"सगळे एकत्र भेटतायत ना? वेगळे फोन कशाला?" मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, मागे न बघता, म्हणाल्या, "तुझं तुटलं हिच्याशी. माझं कोणी विचारलं नव्हतं मला." आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत गेल्या. ओंकार माझ्यासमोर ट्रायपॉड धरून उभा होता. तो सॉरी म्हणाला. मी ठीक आहे म्हटलं, पण या वेळी तसं म्हणायला काही वाटलं नाही.

मी साखरपुड्याला थांबले नाही, कोणी थांब म्हटलंही नाही. माझा राग अजून गेलेला नाही, हे नोंदवून ठेवते. कारण मला येता येईल का, हे अजूनही कोणी विचारलेलं नाही, परस्पर ठरवून टाकलंय सगळं. काकूंचे गुडघे पुढच्या वर्षी तो उतार उतरू देतील का, हेही त्या कोणाला विचारणार नाहीत. काल ऑफिसच्या पोर्टलवर पुढच्या वर्षीच्या रजा टाकायची सोय उघडली. तारीख भरली. मग पोर्टलने विचारलं, रजा कोणासाठी. आई, वडील, नवरा, मूल, सासू, सासरे. मी यादी वरपासून खालपर्यंत तीनदा बघितली. शेवटी "इतर" निवडलं तर त्याने कारण मागितलं. तिथे मी आधी भरभर सगळं लिहून काढलं, अमावास्या, पाणी, उतार, कोण कोणाची आई, शब्दमर्यादा संपेपर्यंत लिहिलं. मग पुसून टाकलं, आणि नुसतं लिहिलं, घरचं काम.